उन्हापुढचा हात

मंगळवारी संध्याकाळी चिकोडीहून निपाणीला परत येताना ऊन डोळ्यांत आलं आणि मी हाताची वाट बघत बसलो. गाडी चालवणारा माणूस असा किती वेळ बसू शकतो? दोन सेकंद, फार तर तीन. मार्गशीर्षातलं ऊन पाच वाजले की काचेच्या मधोमध येऊन ठाण मांडतं, आणि हा रस्ता जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतोय, दिशा मला कुणी सांगायला नको. ऊन असं समोर आलं की डावीकडून एक तळहात वर यायचा आणि माझ्या डोळ्यांपुढं वीतभर अंतरावर थांबायचा. वळण आलं की हात खाली, पुन्हा ऊन आलं की वर. कधी तिची बोटं फाकलेली असायची, मग त्यांच्या फटींतून लाल उजेड यायचा आणि मी म्हणायचो, बोटं मीट गं. मंगळवारी हात आला नाही. येणार नव्हताच. विद्युल्लता, माझी बायको, निपाणीत घरी खुर्चीत बसलेली होती आणि तिचा उजवा हात तिला सांभाळणाऱ्या मालुबाईनं सकाळी मांडीवर जिथं ठेवला तिथंच होता. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! तरी मी डोळे किलकिले करून वाट बघितली, आणि ऊन जरा हललं तेव्हा समोर उसाची उभी ट्रॉली होती. ब्रेक लागला. ट्रॉलीतून मागं लोंबणारं एक कांडं काचेला येऊन टेकलं. ट्रॅक्टरवाला रस्त्याच्या पलीकडं शेंगा फोडत बसला होता, त्यानं मान वर करून बघितलंही नाही.

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. घरी मी अलीकडं काहीच सांगत नाही, फक्त येतो आणि मोठ्या आवाजात विचारतो, काय मग, आज किती पावलं? मालुबाई सांगते, चार. मी म्हणतो, वा! काल तीन होती. कालसुद्धा चारच होती. भैरवी, आमची मुलगी, बेळगावात खासबागेत दिली आहे; तिचा रोज रात्री फोन येतो आणि मी म्हणतो, सुधारतंय. जावई आशुतोष तिथं जवळच मच्छे गावातल्या कारखान्यात असतो, तो जेवणाच्या सुट्टीत फोन करतो, त्यालाही सुधारतंय. वाटेत भेटणारे पक्षकार, तलाठी, दूधवाला, सगळ्यांना सुधारतंय. चार महिन्यांत हा शब्द इतक्या वेळा म्हटलाय की आता तो म्हणताना मी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करू शकतो. झटका आला तेव्हा डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल, पुढं जे राहिलं ते राहिलं. पाय थोडा आलाय, वाचा थोडी आलीय. हात आलेला नाही.

जीपच्या आतली, उन्हासाठी खाली ओढायची पट्टी, म्हणजे वायझर, गाडी घेतली त्याच वर्षी तुटली. जुनी गाडी, वर कापडी टप, पण ओढ्यात घाला नाहीतर नांगरटीत घाला, तक्रार नाही. पट्टी मात्र एका बांधावरून उतरताना बिजागरीतून निखळून माझ्या मांडीवर पडली. नवी घेऊया म्हटलं तर विद्युल्लता म्हणाली, "कशाला? मी हाय की." तेव्हा भैरवी नुकतीच लग्न होऊन गेली होती, घर खायला उठायचं, म्हणून ही माझ्याबरोबर मोजणीला येऊ लागली होती. बेळगावच्या मास्तरांची मुलगी, गणित पक्कं. टेपचं दुसरं टोक धरायची, आकडे उतरून घ्यायची, आणि संध्याकाळी माझे नकाशे तपासायची. मी पेन्सिलची एखादी चुकलेली रेघ खोडून नवी मारली असली तर कागद उजेडापुढं तिरका धरून बरोबर बोट ठेवायची, "नीट पुसलं न्हाई तुमी." मला राग यायचा. खोडलेली रेघ बघून करायचंय काय? ती म्हणायची, लोक तेवढीच बघतात. तेव्हापासून बारा-तेरा वर्षं मी वायझर घेतला नाही. आणि आता घेणं म्हणजे तो हात यापुढं वर येणार नाही हे स्वतःच्या तोंडानं कबूल करणं होतं. माणूस एवढ्याशा प्लॅस्टिकच्या पट्टीला इतका घाबरतो हे मला नवीनच होतं. पण ट्रॉलीचं कांडं काचेला टेकलं होतं. मी मेलो असतो तर तिला खुर्चीतून कुणी उचललं असतं? म्हणून गुरुवारी चिकोडीत एक मोजणी होती ती लवकर आटोपली आणि तीनच्या सुमाराला शामूच्या दुकानापुढं जीप उभी केली.

शामू गाड्यांची सीट कव्हरं, आरसे, हॉर्न असलं सगळं विकतो. आम्हा दोघांची आणि त्याची ओळख जुनी. दुकानाच्या जागेवरून त्याचं आणि त्याच्या भावाचं, मष्णूचं, बिनसलं होतं तेव्हा मोजणी आम्हीच केली होती. मला बघून तो काउंटरमागून बाहेरच आला. "या की अण्णा! लई दिसानं आलासा. आमी म्हटलं इसरलासा काय." मी म्हटलं, वायझर पायजे. तो म्हणाला, कसला? मला वाटलं होतं वायझर म्हणजे वायझर. त्यानं एकेक काढून काउंटरवर मांडायला सुरुवात केली. एक आत बसवायची राखाडी रेक्झिनची, पाठीमागं छोटा आरसा असलेली. एक हिरवट काच, चिमट्यानं अडकवायची. काचेच्या वरच्या कडेला चिकटवायची काळी फिल्म होती, पण ती त्यानं स्वतःच परत ठेवली, "ह्याला पोलीस धरत्यात." आणि शेवटी बाहेरून कपाळावर बसवायचा धुरकट रंगाचा लांब छज्जा, जो या भागातल्या निम्म्या जीपांवर असतो. मी प्रत्येक हातात घेऊन वजन बघितलं. वजनाशी काय संबंध, पण काहीतरी बघायला हवं होतं. टोपीनं भागतंय का म्हणून मी दोन दिवस टोपी घालून गाडी चालवली होती, ते सांगताना टोपी काढून काउंटरवर ठेवली. शामू माझ्या डोक्याकडं बघत राहिला. मग मिशी नसलेल्या माझ्या ओठाकडं बघितलं, आणि लगेच नजर वळवली.

डोकं मी तिरुपतीला दिलं होतं. मी देवभक्त वगैरे माणूस नव्हे. पण श्रावणात बेळगावच्या दवाखान्यात काचेच्या दाराबाहेर रात्रभर बसलो होतो तेव्हा पहाटे कधीतरी मी म्हणून गेलो की हिला वाचव, केस देतो. वाचली. मग बोललेलं फेडायला नको? चार-पाच दिवसांपूर्वीच आशुतोष मला घेऊन गेला, न्हाव्यानं मिशीसकट सगळं उतरवलं. घरी आलो तर विद्युल्लता माझ्याकडं बघून अर्ध्या तोंडानं हसली होती. शामूला यातलं काय माहीत? आमच्याकडं पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं डोकं आणि मिशी एकदम उतरलेली दिसली की लोक एकच समजतात आणि विचारत नाहीत. मी टोपी परत डोक्यावर घातली. खरं म्हणजे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण त्यानं विचारलं कुठं होतं?

"गाडीत बसा बघू," तो म्हणाला, "बसल्याबिगर कळत न्हाई." मी चालवायच्या जागेवर बसलो. तो डावीकडून चढला आणि तिच्या सीटवर बसला. सीटवर टेपची गुंडाळी आणि निशाणं पडली होती, ती त्यानं उचलून मागं ठेवली आणि रिकाम्या झालेल्या सीटवरून एकदा हात फिरवला. "ऊन इकडनंच येतंय न्हवं?" असं म्हणून त्यानं उजवा हात उचलला आणि तळहात माझ्या डोळ्यांपुढं धरला. ग्रीस लागलेला, जाड बोटांचा हात. वीतभर अंतरावर. मी बघत राहिलो. मला काही कळायच्या आत माझ्या घशातून एक आवाज आला, जनावराचा असतो तसला, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. शामूनं हात तसाच धरून ठेवला होता. मग त्यानं तो माझ्या पाठीवर ठेवला. "कवा झालं, अण्णा?" "श्रावणात," मी म्हणालो. श्रावणातलं डोकं अजून कोरं कसं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. "आनि आमाला सांगिटलं बी न्हाईसा? वैनी गेल्या, आनि आमाला म्हाईत न्हाई. आमी काय परकं हाय व्हय?"

इथं मी डोकं वर करून म्हणायला हवं होतं की नाही रे बाबा, आहे ती, घरी आहे. एवढंच वाक्य. मी ते मनात जुळवलंसुद्धा. पण तो तोवर रडायला लागला होता. दुसऱ्याच्या बायकोसाठी एक दुकानदार भर दुपारी माझ्या जीपमध्ये बसून रडत होता आणि म्हणत होता, "त्या वैनीमुळं आमी भाऊ-भाऊ आज एका ताटात जेवतोय. अर्ध्या फुटासाटनं कोर्टात निघाल्तो. वैनी काय म्हणाल्या, त्या अर्ध्या फुटात लिंबू लावा दोघांनी, पानी दोघांनी घाला. बगा की मागं जाऊन, किती लिंबं लागल्यात." मी रडत होतो. चार महिन्यांत मी एकदाही रडलो नव्हतो, मला वाटत होतं माझ्यात ते नाहीच. टेप सैल पडली होती तो दिवस मी शामूला सांगितला. खानापूरच्या बाजूला भाताच्या शेतात मोजत होतो, तिच्या बाजूनं टेप सैल पडली, आणि मी मागं न बघता ओरडलो, ओढून धर की गं, झोपलीस काय! दोनदा ओरडलो. मग वळून बघितलं. हे मी भैरवीला सांगितलेलं नाही, डॉक्टरला सांगितलेलं नाही. शामू म्हणाला, "तुमाला काय ठावं अण्णा. तुमी मुद्दाम न्हाई केलंसा." हे मला कुणीतरी म्हणायला हवं होतं. घरी कोण म्हणणार? घरी सुधारतंय. मला हलकं वाटलं, आणि ज्या माणसापासून ते मिळत होतं त्याला मी फसवत होतो. हे सगळं मला त्याच वेळी कळत होतं. तरी मी गप्प बसलो.

पुढचं सगळं त्यानंच ठरवलं. आतली पट्टी नको, काच नको, बाहेरचा छज्जाच घ्या, ऊन बी आडंल आणि कपाळावर वैनींचं नाव बी राहील. आमच्या भागात गाड्यांच्या कपाळावर देवाचं नाव असतं, नाहीतर लेकरांची असतात, नाहीतर गेलेल्या माणसाचं. "नाव माज्याकडनं," शामू म्हणाला. मग रेडियम घेऊन ये म्हणून आत वळून कन्नडात हाक मारली, "परशराम, रेडियम तगोंड बा!" परशराम हा साठीचा पेंटर, पूर्वी ब्रशनं पाट्या रंगवायचा, आता रेडियमची अक्षरं कापून चिकटवतो. चष्मा कपाळावर चढवून तो कागदावर नाव लिहून घेऊ लागला. शामूनं विचारलं, "खाली बारीक कन्नडात बी घालूया का? वाटेत कोन काय म्हणाय नको." तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणालो, नको, एकाच भाषेत पुरे. उघडलं ते एवढ्यासाठी! मग मी दुकानात स्टुलावर बसलो. चहा आला, तो प्यालो. परशराम एकेक अक्षर सोलून लावत होता, रुमालानं दाबत होता, मागं सरकून ओळंबा बघत होता. इतकं सरळ काम मी क्वचित बघितलंय. प्रत्येक अक्षराबरोबर मी ठरवत होतो की पुढचं लागायच्या आत सांगायचं. दुसरा चहा आला. ओळ पुरी झाली: कै. सौ. विद्युल्लता यांच्या स्मरणार्थ. निघताना शामूनं मागच्या झाडाची पिशवीभर लिंबं डाव्या सीटवर आणून ठेवली.

निपाणीच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. छज्जा उत्तम होता. ऊन त्याच्या मागं अडकून पडलं होतं आणि त्या धुरकट पट्टीतून तिचं नाव मला उलटं दिसत होतं, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सुलटं. एक मोटरसायकलवाला जवळून जाताना वर बघून गेला. एका चढावर एस.टी.चा ड्रायव्हर बघून गेला. मी या सगळ्यांना सांगत चाललो होतो की माझी बायको मेली. आणि मला खरोखरच, खोटं कशाला बोलू, मैल दोन मैल तसंच वाटत होतं. उद्यापासून मोजणीला एकटं जायचं, रात्री घरी आल्यावर मोठ्यानं विचारायचं नाही, किती पावलं म्हणून. असं कितीदा मनात आलं असेल या चार महिन्यांत? मी कधी ते पुरतं येऊ दिलं नव्हतं, एवढंच. परशरामनं फक्त लिहून दिलं. मग एकदम आठवलं की मालुबाई तिला पाच वाजल्यापासून फाटकाशी आणून बसवते. जीपचा आवाज तिला अर्ध्या मैलावरून कळतो आणि गाडी आत वळेपर्यंत ती समोरून बघत असते. नाव तिलाही सुलटंच दिसणार होतं.

तंबाखूच्या एका शेताशी गाडी बाजूला घेतली. बॉनेटवर चढलो, मोजणीच्या पिशवीतली पोलादी फूटपट्टी काढली आणि खरवडायला लागलो. कै. पटकन निघाला. 'स्मरणार्थ' निघेना, त्याचा रफार तेवढा चिकटून बसला. शेतातली बाई खुरपं थांबवून माझ्याकडं बघत होती. तासून तासून हात भरून आले तेव्हा मधलं सौ. विद्युल्लता तेवढं राहिलं. लांब उभा राहून बघितलं. बरं दिसत होतं. एखाद्यानं हौसेनं बायकोचं नाव गाडीवर घातलंय, असं. मी नखांतलं रेडियम काढलं, तोंड पुसलं आणि मनाशी म्हटलं, झालं, कुणाला कळायचं कारण नाही. शामूला उद्या फोन करून सांगू. उरलेला रस्ता मी जवळजवळ खुशीत होतो.

ती फाटकाशीच होती. मी जीप तिच्या समोर आणून उभी केली आणि उतरून, नेहमीच्या आवाजात, म्हटलं, "काय मग! आज किती?" मालुबाई पावलं सांगायची विसरली. "अग्गं बाई," तिनं टाळी वाजवली, "बाईंचं नाव घाटलंय बगा सायबांनी गाडीवर! वाचा बगू, बाई." विद्युल्लतानं वर बघितलं. पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जुळवत तिनं वाचलं, सौ... वि... द्यु... ल्लता. अर्धं तोंड हसलं. मला वाटलं, सुटलो. पण तिची नजर नावावर थांबली नाही. तिनं मान थोडी तिरकी केली, कागद उजेडापुढं धरताना करायची तशी. मावळतीचं ऊन छज्ज्यावर आडवं पडलं होतं आणि फूटपट्टीचे चरे त्यात लखलखत होते. तिनं डावा हात उचलला, नावाच्या आधीच्या मोकळ्या जागेवर बोट रोखलं, मग नावाच्या पुढच्या लांब जागेवर. बारा वर्षं ज्या बोटाचा मला राग यायचा ते बोट.

"नीट," ती म्हणाली आणि शब्दासाठी थांबली. "नीट पुसलं न्हाई."

मी मालुबाईला म्हटलं, तुम्ही चहा ठेवा. ती आत गेली. मी खुर्चीशेजारी फाटकाच्या दगडावर बसलो आणि सगळं सांगितलं. ट्रॉलीपासून सांगितलं. शामूनं हात कसा धरला ते, माझ्या डोक्याकडं कसं बघितलं ते, लिंबाच्या झाडाला किती लिंबं आहेत ते. टेप सैल पडल्यावर मी काय ओरडलो तेही सांगितलं. तिला ते आठवत असेल-नसेल. ती समोर जीपकडं बघत ऐकत होती.

"सांगायचं," ती म्हणाली. "हाय म्हणून."

"सांगणार होतो."

"मग?"

"बरं वाटलं मला," मी म्हणालो.

तिनं मान वळवायला वेळ घेतला. माझ्या उतरवलेल्या ओठाकडं, मग डोळ्यांकडं बघितलं.

"रडलासा?"

"होय."

"शामूजवळ."

"होय."

उजवा हात मांडीवरून घसरला होता, तो तिनं डाव्या हातानं उचलून पुन्हा जागेवर ठेवला. "घरात न्हाई रडलासा," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, मला नीट कळावं म्हणून. "माज्याजवळ. एकदा बी."

सुधारतंय, असं काहीतरी माझ्या तोंडात तयारच होतं. ते न म्हणता मी तिच्या मांडीवरच्या त्या उजव्या हातावर कपाळ टेकलं. मालुबाई चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि आम्हाला बघून दारातच थांबली.